३० सेकंदांचा रन आणि ३० वर्षांचं विमान: सरकारी एरोस्पेस लॅबमध्ये नेमकं चालतं काय

प्रश्न फायनल इयर मेकॅनिकलच्या एका मुलीचा आहे. थोडक्यात असा: "सर, आपल्या सरकारी एरोस्पेस लॅब्समध्ये खरंच काही नवीन होतं का? आता सगळं सीएफडीवर होतं, मग विंड टनेल अजून का चालवतात? एक छोटं विमान करायला यांना पंचवीस-तीस वर्षं कशी लागतात? आणि मी तिथे जायचा विचार करावा का?" (सीएफडी म्हणजे हवेचा प्रवाह कॉम्प्युटरवर गणिताने काढणं, आणि विंड टनेल म्हणजे विमानाच्या छोट्या मॉडेलवरून हवा सोडून मोजमाप करायचा बोगदा.)

मी २९ वर्षं अशाच एका लॅबमध्ये विंड टनेलवर काढली, आता रिटायर आहे. लॅबचं नाव घेत नाही कारण पुढे थोडी कुरकुर पण येणार आहे. तू मुलीच्या वयाची म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नकोस.

आधी एक गैरसमज काढून टाकतो. लॅब म्हणजे विमानाचा कारखाना असं लोकांना वाटतं, आणि मग "साठ वर्षांत किती विमानं केली" असा हिशोब मांडतात. विमानं बांधायचं काम एचएएलचं, रॉकेट इस्रोचं, मिसाइल डीआरडीओचं. लॅब काय देते? आकडा देते. या पंखावर या वेगाला एवढी लिफ्ट (वर उचलणारा जोर), एवढा ड्रॅग (मागे ओढणारा जोर), आणि आमची चूक झाली तर जास्तीत जास्त एवढी. हा शेवटचा भाग सगळ्यात महागडा असतो. आकडा कोणीही देतं गं, चूक किती असू शकते ते छातीवर हात ठेवून सांगणं अवघड, आणि माझी सगळी नोकरी त्या एका गोष्टीत गेली.

बंगळुरूची एनएएल घे, म्हणजे नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीज, सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेची लॅब. १९५९ साली दिल्लीत सुरू झाली, १९६० ला बंगळुरूला आली, पहिले डायरेक्टर डॉ. पी. नीलकंठन. आणि बसायला जागा मिळाली ती जयमहाल पॅलेसच्या घोड्यांच्या पागेत! (सरकारी कामात घोडं कुठे पेंड खातं हा प्रश्न तिथे पहिल्या दिवसापासून शब्दशः लागू होता, असा आमच्यात एक जुना विनोद आहे.) तिथला १.२ मीटरचा ट्रायसोनिक विंड टनेल १९६७ ला चालू झाला आणि त्याच्या मागे सतीश धवन होते, जे त्याआधी आयआयएससीमध्ये लहान सुपरसोनिक टनेल बांधून बसले होते. ट्रायसोनिक म्हणजे सबसोनिक (आवाजाच्या वेगाच्या खाली), ट्रान्सोनिक (त्याच्या आसपास), सुपरसोनिक (त्याच्या वर) तिन्ही, साधारण माख ०.२ पासून ४ पर्यंत, माख १ म्हणजे आवाजाचा वेग. आता विचार कर, १९६७ मध्ये आपल्याकडे ना स्वतःचं सॅटेलाइट लाँच व्हेइकल होतं ना तेजस या आपल्या लढाऊ विमानाचा पत्ता, एसएलव्ही-३ यशस्वी झालं ते १९८० मध्ये. म्हणजे मोजायचं यंत्र आधी आणि मोजायची वस्तू नंतर. तेव्हा कोणी "याचा उपयोग काय" विचारलं असेल तर उत्तर द्यायला तेरा वर्षं थांबावं लागलं असतं. पण नंतर आपली जवळपास सगळी लाँच व्हेइकल्स आणि लढाऊ विमानं या टनेलमधून गेली.

आता एक रन कसा होतो ते सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

हा टनेल ब्लोडाउन जातीचा. म्हणजे मोठ्या टाक्यांमध्ये कॉम्प्रेसरने हवा कोंबून भरून ठेवायची आणि मग व्हॉल्व्ह उघडून एका दमात सोडायची. सतत चालणारा सुपरसोनिक टनेल एवढ्या साइझचा करायचा तर वीज मेगावॉटमध्ये लागते, त्यापेक्षा हळूहळू साठवा आणि झटक्यात खर्च करा हे परवडतं, गरिबाचं भिशीचं गणित. हवा नुसती भरून चालत नाही, ती खडखडीत कोरडी लागते. का? हवा माख २ ला गेली की तिचं तापमान पडतं, आत ३०० केल्विन असेल तर वाहत्या हवेचं १६७ केल्विन म्हणजे उणे १०६ डिग्री होतं, माख ४ ला तर उणे २०० च्या खाली. थोडी जरी ओल राहिली तरी टनेलमध्ये धुकं, आणि धुक्यात मोजलेला प्रेशर म्हणजे कचरा. पावसाळ्यात ड्रायरवाल्यांचे चेहरे बघण्यासारखे असायचे.

मॉडेल असतं स्टीलचं, मागून एका लांब दांड्यावर बसवलेलं, त्याला स्टिंग म्हणतात. मॉडेलच्या पोटात बॅलन्स. बॅलन्स म्हणजे जाड पेनाएवढा एक लोखंडी तुकडा ज्यावर स्ट्रेन गेज (ताण पडला की सिग्नल देणाऱ्या बारीक पट्ट्या) चिकटवलेले असतात आणि तो सहा गोष्टी एकदम मोजतो, तीन फोर्स आणि तीन मोमेंट (फिरवणारे जोर). सिग्नल मिलिव्होल्टमध्ये. आणि मॉडेल केवढं? ट्रान्सोनिकला टनेलच्या भिंतींचा त्रास होऊ नये म्हणून समोरून दिसणारं क्षेत्रफळ टनेलच्या साधारण १ टक्क्याच्या आत ठेवतात. १.२ बाय १.२ मीटर म्हणजे १.४४ चौरस मीटर, त्याचा १ टक्का १४४ चौरस सेंटिमीटर. म्हणजे अख्खं फायटर विमान समोरून जेवढी जागा अडवतं ती साडेतेरा सेंटिमीटरच्या ताटलीएवढीच हवी. त्याच्या एअर इनटेकची कड, पंखाची धार, सगळं त्या मापात अचूक.

मग सायरन, दारं बंद, व्हॉल्व्ह उघडतो आणि असा आवाज येतो की छातीतली हाडं ऐकतात. सुपरसोनिक रन असेल तर सुरुवातीला शॉक (हवेचा दाब एकदम उडी मारतो ती लाट) मॉडेलवरून जातो तेव्हा मॉडेल असं हादरतं की नवीन माणूस मान फिरवतो. मग प्रवाह बसतो, मॉडेल उणे ४ अंशापासून वर २० अंशापर्यंत हळूहळू नाक उचलतं, डेटा भरतो, आणि संपलं. तीसेक सेकंद. त्यानंतर टाक्या भरेपर्यंत चहा. दिवसभरात असे मोजके रन मिळतात आणि त्या मोजक्या रनसाठी मॉडेल बनवायला सहा-आठ महिने गेलेले असतात.

आता तुझा सीएफडीचा प्रश्न. त्याला उत्तर म्हणून एक किस्सा सांगतो, कारण तो अजून डोक्यातून जात नाही.

मला लागून सहा-सात वर्षं झाली असतील. एका ट्रान्सपोर्ट विमानाच्या मॉडेलचे रन चालू होते, सोमवारी घेतलेला रन गुरुवारी रिपीट केला तर ड्रॅग ८ काउंट जास्त. ड्रॅग काउंट म्हणजे ड्रॅग कोएफिशिएंटचा दहा हजारावा भाग. असं विमान क्रूझला अडीचशे-तीनशे काउंटांवर उडतं, म्हणजे ८ काउंट म्हणजे साधारण ३ टक्के. ३ टक्के ड्रॅग म्हणजे जवळजवळ तेवढंच इंधन, विमानाच्या अख्ख्या आयुष्यभर. आम्ही सगळं तपासलं. बॅलन्सचं कॅलिब्रेशन बघितलं, ठीक. ब्लोडाउनमध्ये टाकी रिकामी होत जाते तशी हवा थंड होते त्यामुळे गेज सरकतात, ते करेक्शन बघितलं, ठीक. मॉडेल मागे स्टिंगला घासतंय का ते बघायला एक साधं इलेक्ट्रिक सर्किट असतं, लागलं की दिवा लागतो, तो पण गप्प. स्क्रूची भोकं बुजवायला डेंटल प्लास्टर वापरतात, दातवाला वापरतो तेच, ते कुठे उडालंय का म्हणून नखं फिरवून बघितलं. मॉडेल उलटं करून पण रन घेतला (टनेलमधली हवा अगदी सरळ वाहत नाही, पाव-अर्धा अंश वाकडी असू शकते, म्हणून मॉडेल सुलटं आणि उलटं दोन्ही मोजून मधलं काढतात). ८ काउंट जागच्या जागी.

शेवटी मॉडेल शॉपचे जुने फिटर आले, त्यांना आम्ही सगळे मेस्त्रीच म्हणायचो. त्यांनी काही विचारलं नाही, चष्मा वर केला, पंखाच्या पुढच्या धारेजवळून बोट फिरवलं आणि विचारलं, "ही ग्रिटची पट्टी कोणी परत लावली?"

लावली होती. मीच. बुधवारी.

ही पट्टी काय असते? पंखाच्या अंगाला चिकटून हवेचा जो पातळ थर वाहतो, बाउंडरी लेयर, तो आधी शांत असतो आणि पुढे कुठेतरी खवळतो. खऱ्या विमानावर तो धारेजवळच खवळतो. लहान मॉडेलवर खूप मागे जाऊन खवळतो. त्यामुळे मॉडेलवर मुद्दाम, पुढच्या धारेपासून थोडं मागे, कार्बोरंडमच्या बारीक कणांची एक अरुंद पट्टी चिकटवतात की बाबा इथेच खवळ. सोमवारची पट्टी एका ठिकाणी निघाली म्हणून मी ती पुसून नवीन लावली होती, तेच माप, तेच कण, पण गोंद जरा सढळ हाताने. कण बुडून त्यांच्याभोवती गोंदाचा एक उंचवटा झाला होता, डोळ्यांना दिसणार नाही एवढा, बोटाला लागेल एवढा. पट्टी पुसली, मेस्त्रींनी स्वतः लावली, रन घेतला, ८ काउंट गायब.

आता सांग, हे सीएफडीमध्ये कसं सापडलं असतं? तिथे ना गोंद ना मेस्त्री. सीएफडीला मी नावं ठेवत नाही हं, माझी पोरं रोज तेच करतात आणि आज टनेलमध्ये येणारा शेप आधी शेकडो वेळा कॉम्प्युटरवर घासून आलेला असतो, त्यामुळे रनची संख्या खरंच कमी झाली. क्रूझला, प्रवाह पंखाला धरून असताना, सीएफडी फार छान उत्तर देतं. पण प्रवाह पंखावरून सुटला, स्टॉल आला (लिफ्ट कोसळली), बफेट आला (पंख थरथरायला लागला), की टर्ब्युलन्स मॉडेल नावाचा जो अंदाज आत बसवलेला असतो तो उघडा पडतो. अमेरिकेत एआयएए या एरोस्पेसवाल्यांच्या संस्थेने २००१ पासून ड्रॅग प्रेडिक्शनचे वर्कशॉप घेतले, एकच शेप सगळ्यांना द्यायचा आणि आपापल्या कोडने ड्रॅग काढा म्हणायचं. नावाजलेल्या टीम, तोच शेप, आणि तरी उत्तरांमध्ये चांगलाच फरक. तो फरक कळला कशाने, तर त्या शेपचा टनेलमधला डेटा आधीपासून होता म्हणून. सीएफडीला शाळेत घालायचं तर पेपर तपासायला टनेल लागतो.

टनेल पण काही देवाचा अवतार नाही. वर जी बाउंडरी लेयरची भानगड सांगितली तिचं मूळ म्हणजे रेनॉल्ड्स नंबर, प्रवाहाचा जोर हवेच्या चिकटपणाच्या किती पट आहे तो आकडा. लहान मॉडेलला तीच हवा जाड वाटते, जसं मुंगीला पाण्याचा थेंब मधासारखा वाटत असेल. यावर उपाय तीन, मॉडेल मोठं करा, हवा दाबून दाट करा, नाहीतर हवा गार करा. दाबायची युक्ती अमेरिकेच्या एनएसीएने, म्हणजे नासाच्या आधीच्या अवताराने, १९२० च्या दशकातच केली. लँग्लीला एक पोलादी पिंप बांधलं आणि आत २० अॅटमॉस्फिअरपर्यंत दाब. त्या पिंपातून आलेल्या पंखांच्या आकारांचे नंबर तू पुस्तकात शिकलीस, एनएसीए २४१२ वगैरे, २ टक्के कँबर (पंखाचा वाक), तो ४० टक्के कॉर्डवर (पंखाच्या पुढून मागे रुंदीवर), जाडी १२ टक्के. सेसना १७२ वर अजून तोच उडतोय, शंभर वर्षांपूर्वीच्या यंत्राची मेहनत. गार करायची युक्ती पण लँग्लीलाच, तिथल्या नॅशनल ट्रान्सोनिक फॅसिलिटीत द्रव नायट्रोजन फवारून हवेऐवजी गार नायट्रोजनच फिरवतात, उणे दीडशे डिग्रीच्या आसपास.

"नवीन काय होतं" यावर माझं मत जरा वेगळं आहे, पटलं तर घे. एरोस्पेसमध्ये नवीन कल्पना बहुतेक वेळा नवीन मोजमापाच्या मागून येते. सगळ्यात गाजलेलं उदाहरण एरिया रूलचं. पूर्वीचे टनेल माख १ च्या जवळ गेले की चोक व्हायचे (हवा तुंबायची), म्हणजे नेमकं जिथे काय होतं ते बघायचं तिथेच डोळ्यावर पट्टी. लँग्लीच्या लोकांनी टेस्ट सेक्शनच्या भिंतींना खाचा पाडल्या, हवेला बाजूला सरकायला जागा मिळाली, आणि पहिल्यांदा माख १ च्या आरपार बघता यायला लागलं. त्या टनेलपाशी बसलेल्या रिचर्ड व्हिटकॉम्बला मग दिसलं की ड्रॅग पंख आणि बॉडी मिळून एकूण आडवा छेद कसा बदलतो त्यावर ठरतो, म्हणून पंख जिथे जोडले तिथे बॉडीला कमरेत चिमटा काढा. तेव्हा वायएफ-१०२ नावाचं फायटर सरळ उडताना साऊंडची हद्द ओलांडतच नव्हतं, पंख त्रिकोणी, इंजिन दणकट, तरी नाही. कंबर बारीक केली आणि डिसेंबर १९५४ मध्ये गेलं पार. तोच व्हिटकॉम्ब पुढे विंगलेटवाला, विमानात खिडकीशी बसलीस की पंखाचं टोक वर वळलेलं दिसतं ना, ते. लोकांना व्हिटकॉम्ब आठवतो, भिंतीला खाचा पाडणारे कोणाला आठवत नाहीत. मी खाचा पाडणाऱ्यांच्या बाजूचा.

माझ्या काळात असंच एक पेंट आलं. पूर्वी पंखावरचा प्रेशर मोजायचा म्हणजे पंखात शे-दीडशे भोकं पाडायची, प्रत्येक भोकाला मिलिमीटरभर जाडीची नळी, नळ्या पोटातून मागे, एक नळी चोंदली की आठवडा गेला. प्रेशर सेन्सिटिव्ह पेंटमध्ये मॉडेलला गुलाबीसर रंग फासायचा, ठराविक प्रकाश टाकला की तो चमकतो, आणि जिथे हवेचा दाब जास्त म्हणजे ऑक्सिजन जास्त तिथे चमक मंदावते. कॅमेऱ्याने फोटो काढला की अख्ख्या पंखाचा नकाशा. पहिल्यांदा स्क्रीनवर शॉकची रेघ पंखावर आडवी पसरलेली बघितली तेव्हा मी तिथेच बसून राहिलो, कारण ती रेघ मी पंधरा वर्षं ठिपके जोडून मनात काढत होतो. रंग तापमानाला पण हळवा आहे, त्याचं करेक्शन करता करता केस गेले ते सोड.

आता "इतकी वर्षं का", खरा तिखट प्रश्न.

एक कारण शास्त्राचंच. नासाने तंत्रज्ञान किती पिकलंय ते सांगायला टीआरएल नावाची शिडी केली, १ ते ९. १ म्हणजे कागदावरचं तत्त्व, ९ म्हणजे प्रत्यक्ष वापरात सिद्ध. कॉलेजातलं काम ३ पर्यंत जातं, कंपनी ६-७ च्या पुढे आल्याशिवाय पैसे लावत नाही, आणि मधला ४ ते ६ चा चिखल सरकारी लॅबच्या वाट्याला. त्या चिखलात पेपर छापून येत नाहीत, पेटंट फारशी निघत नाहीत, नुसत्या टेस्ट, टेस्ट, टेस्ट. कार्बन कंपोझिटचं बघ. कापड आणि रेझिन ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखाली भाजून पंख होतो हे पोस्टरवर सोपं दिसतं. पण सर्टिफिकेशनला विचारतात, हेच कंपोझिट दमट हवेत वर्षभर पाणी पिऊन वर उन्हात तापलं तर ताकद किती उरते? मग शेकडो छोट्या पट्ट्या तोडा, मग जोड तोडा, मग पंखाचा तुकडा तोडा, मग अख्खा पंख मोडेपर्यंत वाकवा. एनएएलने तेजसच्या कंपोझिट भागांवर हेच काम केलं, बाहेर कोणाला माहीत नाही.

दुसरं कारण बाहेरचं. तेजस स्थिर नसलेलं विमान आहे, मुद्दाम तसं केलेलं, कॉम्प्युटर क्षणाक्षणाला सावरतो म्हणून उडतं. त्याच्या कंट्रोल लॉसाठी (कॉम्प्युटरने कसं सावरायचं त्याचे नियम) १९९२ मध्ये राष्ट्रीय टीम केली, ती एनएएलमध्ये बसायची, आणि थोडं काम अमेरिकेत लॉकहीड मार्टिनबरोबर चालू होतं. मे १९९८ ला पोखरण झालं, निर्बंध आले, आपल्या लोकांना परत यावं लागलं. मग ते काम इथे बसून पुरं केलं आणि ४ जानेवारी २००१ ला विमान उडलं. उशीर झाला हे खरं, पण त्या उशिरात जे शिकलो ते विकत मिळालं नसतं.

तिसरं कारण अपघात. सारस, एनएएलचं छोटं प्रवासी विमान, २९ मे २००४ ला पहिल्यांदा उडलं. ६ मार्च २००९ ला दुसरा प्रोटोटाइप बिडदीजवळ पडला, हवेत इंजिन बंद करून परत चालू करायची टेस्ट होती, दोन पायलट आणि एक फ्लाइट टेस्ट इंजिनिअर गेले. त्यानंतर सुधारलेलं सारस उडायला २४ जानेवारी २०१८ उजाडलं. बाहेरचे म्हणतात नऊ वर्षं झोपले होते. या क्षेत्रात काम केलेल्या कोणालाही विचार, असं झाल्यावर प्रत्येक सहीला हात थरथरतो, आणि थरथरायलाच हवा. त्या मानाने हंसा बघ, छोटं दोन सीटचं ट्रेनर. हंसा-३ १९९६ ला उडलं, २००० ला डीजीसीएचं (विमानवाहतुकीच्या सरकारी नियामकाचं) सर्टिफिकेट मिळालं. मग बरीच वर्षं शांतता, आणि हंसा-एनजी ३ सप्टेंबर २०२१ ला. मधल्या शांततेचं कारण तांत्रिक नव्हतं, बनवणार कोण आणि घेणार कोण हे ठरत नव्हतं. लॅब विमान करून दाखवते, विकायची अक्कल लॅबकडे नसते, आणि नसेल तर नसू दे पण कोणाकडे तरी हवी.

आणि चौथं कारण आमचं आम्ही. इथे कुरकुर. स्ट्रेन गेज चिकटवायचा खास गोंद असतो, परदेशी, बाटली इवलीशी, एक्सपायरी सहा महिने. आमच्या लॅबने तो मागवला. इंडेंट, मग तीन कोटेशन, मग "एल-वन का नाही घेत" म्हणून ऑब्जेक्शन, कारण सगळ्यात स्वस्तवाल्याने साधा इपॉक्सी कोट केला होता, तो पण गोंदच आहे असं फायनान्सचं म्हणणं. मी तीन पानी टिप्पणी लिहिली की गोंद आणि गोंद यात फरक काय. शेवटी ऑर्डर गेली, माल आला, कस्टम्समध्ये अडकला, कागद फिरले, बाटली हातात पडली तेव्हा एक्सपायरीला अकरा दिवस. त्या अकरा दिवसांत आम्ही चार जण रात्रपाळी करून सगळे गेज चिकटवून मोकळे झालो. ऑडिटला नंतर वाटलं की एवढ्या घाईने वापरला म्हणजे साठा जास्त मागवला असणार, तेव्हा पुढच्या वेळी कमी मागवा.

हे हसून सांगतोय पण अशा गोष्टींनी चांगली मुलं कंटाळून जातात. गेलेली बघितलीत.

मधूनच भलतीकडे उपयोग होतो तो वेगळा. रनवेवर किती लांबचं दिसतंय ते मोजणारं "दृष्टी" नावाचं यंत्र एनएएलचं, आपल्या कितीतरी विमानतळांवर बसलंय, धुक्यात उतरताना पायलटला जो आकडा सांगतात तो त्यातून येतो. २०२० मध्ये कोविडच्या वेळी तिथल्याच लोकांनी "स्वस्थवायु" नावाचा बायपॅप व्हेंटिलेटर केला. लोकांना आश्चर्य वाटलं, मला नाही वाटलं. जन्मभर हवेचा दाब धरून ठेवायचं काम केलेल्या माणसाला फुप्फुस म्हणजे एक लहान, जरा लहरी टनेलच.

तर जावं का? घाई असेल, दोन वर्षांत रस्त्यावर तुझी वस्तू दिसायला हवी असेल, तर नको. आता ड्रोनच्या आणि छोट्या रॉकेटच्या खासगी कंपन्या आहेत, तिथे मजा येईल. पण एखाद्या आकड्याच्या मागे तीन महिने लागायला तुला आवडत असेल, कॉलेजच्या लॅबमध्ये रिडिंग जुळलं नाही की मित्राच्या जर्नलमधून न उतरवता परत घेतलं असशील, तर जरूर ये. रस्ता सरळ आहे, गेट द्यायची, एम.टेक. किंवा जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप) करून एसीएसआयआर या सीएसआयआरच्या अकादमीतून लॅबमध्येच पीएचडी, नाहीतर सायंटिस्टच्या जागा निघतात तेव्हा अर्ज. इंटरव्ह्यूत नेव्हिअर-स्टोक्स (प्रवाहाची मूळ समीकरणं) सगळेच पाठ म्हणतात, मी पॅनेलवर असताना एकच विचारायचो, की तुझ्या प्रोजेक्टमधल्या आकड्यात चूक किती होती आणि तुला ते कसं कळलं. दहातले आठ तिथे गप्प.

आणि त्याआधी एकदा बघून तर ये. सीएसआयआरचा स्थापना दिवस २६ सप्टेंबरला असतो, त्या सुमारास बऱ्याच लॅब्स लोकांना आत सोडतात. टनेल दाखवणारा तरुण सायंटिस्ट तुला माख नंबरचं पोस्टर दाखवेल, ते बघ आणि पुढे मॉडेल शॉपमध्ये जा, टेबलावर एखादं जुनं मॉडेल ठेवलेलं असतं, विचारून पंखाच्या पुढच्या धारेवरून बोट फिरव. रन चालू होणार असेल तर सायरन वाजल्यावर कानात बोटं घाल, फोटो नंतर काढ.